गोव्याहून ग्रीसच्या बेटांवर: तीन बेटे, बारा दिवस

गोव्यातील पुष्कळ घरांत निदान एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो आणि ग्रीसची बेटे आपल्यापर्यंत प्रथम त्याच्या बोलण्यातून पोहोचतात. मात्र त्याने सांतोरिनी पाहिलेली असते ती जहाजाच्या डेकवरून, नाहीतर पाळी संपल्यावर हाती आलेल्या तीन-चार तासांत. सुट्टी घेऊन, पदरचे पैसे खर्चून जाणारे आपल्यातील बरेचजणही याहून फार काही पाहत नाहीत, कारण त्यांना सात दिवसांत पाच बेटे उरकायची असतात. आमची पहिली खेप अशीच झाली. एका यात्रा कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमातील दोन बेटांचे आज मला फक्त धक्के आठवतात, तेही बॅगा ओढताना दिसलेले. कळंगुटचा किनारा, जुन्या गोव्यातील एखादे चर्च आणि मांडवीवरची रात्रीची बोट एवढ्यावर "गोवा पाहिला" म्हणणाऱ्या पाहुण्याला दिवाडी, चोडण, बांदिवडे, आगोंद यांपैकी काहीच कळलेले नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. ग्रीसमध्ये आपण तो पाहुणा होऊ नये, या हेतूने हे मार्गदर्शन लिहीत आहे. दुसऱ्या खेपेस आम्ही तीनच बेटे निवडली, आणि पुढील सर्व सूचना त्या अनुभवावर आधारलेल्या आहेत.

बेटांची निवड

ग्रीसमध्ये लहान-मोठी हजारो बेटे असून त्यांपैकी वस्ती असलेली बेटे दोनशेहून थोडी अधिक आहेत. ती वेगवेगळ्या समूहांत विभागलेली आहेत आणि एका समूहातून दुसऱ्या समूहात बोटीने जाणे बहुधा वेळखाऊ असते, म्हणून पहिला नियम असा की एकच समूह घ्यावा. पहिल्या प्रवासासाठी एजियन समुद्रातील किक्लादेस समूह सर्वांत सोयीचा आहे. ग्रीक भाषेत "किक्लोस" म्हणजे वर्तुळ. अपोलो देवाचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या देलोस या पवित्र बेटाभोवती ही बेटे कडे करून आहेत, अशा समजुतीतून हे नाव पडले. सांतोरिनी, मिकोनोस, नाक्सोस, पारोस, सिरोस, तिनोस, सिफ्नोस ही सर्व याच समूहातील आहेत.

माझी शिफारस तिनोस, सिरोस आणि पारोस यांची आहे. तिनोस हे ग्रीसचे सर्वांत मोठे ऑर्थोडॉक्स तीर्थक्षेत्र, सिरोसवर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात, आणि पारोसवर उत्तम किनारे व एक अतिप्राचीन चर्च आहे. पहिली रात्र अथेन्समध्ये, तीन रात्री तिनोसवर, दोन सिरोसवर, चार पारोसवर आणि शेवटची रात्र पुन्हा अथेन्स किंवा पिरेयस बंदरात, अशा अकरा रात्री व बारा दिवस धरावेत. सिरोस ते पारोस या टप्प्याची बोट दररोज असतेच असे नाही, त्यामुळे आधी त्या बोटीचा दिवस निश्चित करावा आणि मग उरलेला कार्यक्रम तिच्या मागेपुढे बसवावा.

सांतोरिनी मी या यादीतून जाणीवपूर्वक वगळली आहे. इसवी सनापूर्वी सुमारे सोळाव्या-सतराव्या शतकात झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाने तयार झालेली तिची कड्यांची अर्धवर्तुळाकार रांग खरोखरच अद्वितीय आहे, आणि राखेखाली गाडले गेलेले आक्रोतिरी हे प्राचीन नगर पाहण्यासाठी तिथे जाणे पूर्णपणे समर्थनीय आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्या गर्दीमुळे इया गावच्या गल्ल्यांतून चालणेही कठीण होते. जायचेच असेल तर दोन रात्री मुक्काम करावा आणि जहाजे निघून गेल्यावरची संध्याकाळ व ती येण्यापूर्वीची सकाळ गाठावी.

कधी जावे

इथे गोवेकराला एक स्वाभाविक सोय आहे. आपला पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा चालतो, आणि ग्रीसच्या बेटांचा मेपासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत. ज्यांचे पोट हॉटेल, शॅक, टॅक्सी किंवा होमस्टेवर आहे, त्यांना पावसाळ्यात जी मोकळीक मिळते, नेमका तोच काळ तिकडचा उन्हाळा असतो. जून महिना सर्वांत योग्य. ऊन असते पण जाळत नाही, खोल्या मिळतात, मात्र समुद्राचे पाणी आपल्या सवयीच्या मानाने गार लागते. पोहण्याची हौस असलेल्यांनी सप्टेंबर निवडावा, कारण उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हा सर्वांत सुखद असते. अडचण एवढीच की चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, तर कधी सप्टेंबरात. त्या वर्षीची चवथीची तारीख पाहून मगच विमानाचे तिकीट काढावे. माटोळी बांधायच्या दिवशी अथेन्सच्या विमानतळावर बसून राहण्यात कुणालाच आनंद नसतो.

जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून "मेल्तेमी" नावाचा कोरडा, जोरकस वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, पाऊस नसतो आणि तरीही समुद्र खवळलेला असतो. वादळ म्हणजे काळे ढग, असे समीकरण मनात असलेल्या आपल्याला हे दृश्य फसवते.

कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकाला ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो; उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तीन महिने आधी कामाला लागावे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो असून व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेले आणि दोन कोरी पाने असलेले हवे. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असणे बंधनकारक आहे. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारे तिकीट वा खोली घेऊ नये.

आपल्याकडे अनेक कुटुंबांत एकाचे पारपत्र पोर्तुगीज आणि दुसऱ्याचे भारतीय असते. पोर्तुगीज पारपत्रधारकाला युरोपीय संघाचा नागरिक म्हणून व्हिसा लागत नाही, आणि त्याच्याबरोबर प्रवास करणाऱ्या भारतीय पती वा पत्नीला व्हिसा लागत असला तरी त्याचे शुल्क माफ असते. त्यासाठी विवाहाचा दाखला जोडावा लागतो. ही सवलत माहीत नसल्यामुळे पुष्कळजण सर्वसाधारण अर्ज भरून मोकळे होतात.

बेटांवर दुचाकी किंवा मोटार चालवायची असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो. ग्रीसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. स्कूटर चालवण्यात आपण गोवेकर कितीही तरबेज असलो, तरी पहिल्या दिवशी वळणावर हात आपोआप डावीकडे जातो, म्हणून पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर मारावी आणि हेल्मेट कधीही काढू नये.

बोटीचे शास्त्र

मोपा किंवा दाबोळी विमानतळाहून मुंबई अथवा एखाद्या आखाती शहरामार्गे अथेन्सला पोहोचता येते. अथेन्सहून बेटांच्या बोटी मुख्यतः पिरेयस आणि राफिना या दोन बंदरांतून सुटतात. पिरेयसला विमानतळावरून थेट मेट्रो जाते आणि त्या प्रवासाला सुमारे एक तास लागतो. राफिना विमानतळाच्या बाजूलाच आहे आणि तिनोसला जाण्यासाठी तेच अधिक सोयीचे. तिथून मोठी बोट आंद्रोसमार्गे चारेक तासांत तिनोसला पोहोचते. पिरेयस बंदर अवाढव्य आहे, त्याची प्रवेशद्वारे क्रमांकांनी ओळखली जातात आणि दोन द्वारांमधले अंतर चालून संपत नाही, म्हणून तिकिटावरील द्वारक्रमांक आदल्या दिवशीच पाहून ठेवावा.

बोटी दोन प्रकारच्या असतात. मोठ्या, संथ बोटींना उघडा डेक असतो, त्या वाऱ्याला दाद देत नाहीत आणि त्यांचे तिकीट स्वस्त असते. लहान जलद बोटी निम्म्या वेळात पोहोचवतात, पण त्यात बंद खोलीत बसून राहावे लागते आणि लाटा असल्या की पोट ढवळते. मी नेहमी मोठ्या बोटीचीच शिफारस करतो. डेकवर उभे राहून एकामागून एक बेट क्षितिजावर उगवताना पाहणे, हा या प्रवासातील प्रमुख आनंद आहे आणि तो दोन तास वाचवण्यासाठी घालवू नये.

बोटीत चढणे-उतरणे ही मात्र शिकण्याची गोष्ट आहे. रायबंदरहून चोडणला जाणारी आपली फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे तत्त्व लगेच कळेल: तशीच लोखंडी फळी धक्क्यावर टेकते आणि माणसे व गाड्या एकाच तोंडातून आत-बाहेर करतात. फरक आकाराचा आणि घाईचा आहे. तुमच्या बेटाचे नाव पुकारले गेले की लगेच खालच्या गॅरेजमध्ये उतरावे लागते. तिथे ट्रकांच्या मधोमध, डिझेलच्या वासात, बेटांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या कप्प्यांतून आपली बॅग शोधायची, आणि बोट पूर्ण थांबण्यापूर्वीच फळी खाली यायला लागते. साखळ्या करकरतात, अंधारात अचानक पांढराशुभ्र उजेड शिरतो, धक्क्यावरचा माणूस शिट्टी वाजवतो आणि दोन-तीनशे माणसे एकदम निघतात. बोट लहान बेटावर काही मिनिटेच थांबते. वयस्क आईवडील बरोबर असतील तर त्यांना दहा मिनिटे आधी खाली आणून भिंतीच्या कडेला उभे करावे, आणि बॅगा चाकांच्या पण लहान घ्याव्यात.

वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर प्राधिकरण बोटी सोडण्यास मनाई करते. या मनाईला ग्रीकमध्ये "आपागोरेफ्तिको" म्हणतात, आणि धक्क्यावर हा शब्द ऐकू आला की त्या दिवसाचा कार्यक्रम विसरावा. पहिल्या खेपेस जुलैच्या अखेरीस आम्ही याच शब्दामुळे नाक्सोसवर दीड दिवस अडकलो आणि अथेन्सहून सुटणारे परतीचे विमान चुकले. पाच माणसांची नवी तिकिटे घेताना जो भुर्दंड बसला, त्यात आणखी एक आठवडा राहता आले असते. म्हणून वर सांगितलेली शेवटची रात्र अथेन्समध्येच काढावी. ती चैन नव्हे, गरज आहे. मनाईमुळे बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीवर जागा मिळते, त्यामुळे तिकीट फाडून टाकू नये.

तिनोस: नवसाचे बेट

तिनोसच्या धक्क्यावर उतरल्यावर समोर एक सरळ चढाचा रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाला संगमरवरी चर्च. रस्त्याच्या एका कडेने गालिच्याची अरुंद पट्टी अंथरलेली असते. ती कशासाठी, हे थोडा वेळ उभे राहिल्यावर कळते. बोटीतून उतरलेली एखादी मध्यमवयीन बाई हातातील पिशवी मुलाकडे देते, क्रूसाची खूण करते, गुडघे टेकते आणि तळहात व गुडघ्यांवर रांगत वर निघते. मुलगा तिच्या बाजूने सावकाश चालत राहतो. कुणी फोटो काढत नाही, कुणी थांबून पाहत नाही. लोटांगण घालणाऱ्या माणसाला वाट करून देण्याची सवय असलेल्या आपल्याला इथे कसे वागायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

या चर्चचे नाव पानायिया एवांगेलिस्त्रिया. पेलागिया नावाच्या जोगिणीला झालेल्या दृष्टांतानुसार शेतात खणले असता १८२३ मध्ये मरियमेची प्राचीन प्रतिमा सापडली, अशी त्याची कथा आहे. ग्रीसचा स्वातंत्र्यलढा तेव्हा ऐन भरात होता, त्यामुळे ही घटना साऱ्या राष्ट्रासाठी शुभसंकेत ठरली. मूळ प्रतिमा आज सोने-चांदी आणि रत्नांनी इतकी मढलेली आहे की चित्र जवळजवळ दिसतच नाही. भक्त रांगेने येतात, चुंबन घेतात आणि पुढे सरकतात. आपण केवळ हात जोडले तरी चालते.

त्यानंतर मान वर करून छताकडे पाहावे. शेकडो चांदीचे दिवे टांगलेले असतात आणि जवळजवळ प्रत्येकाखाली नवसाची वस्तू लोंबत असते: जहाज, घर, पाळणा, हात, पाय. त्यांत एका जहाजाच्या बुडाशी मासा अडकलेला आहे, कारण भोक पडून बुडू लागलेल्या जहाजाचे ते भोक माशाने बुजवले, असे सांगतात. दारापाशी संत्र्याचे एक धातूचे झाड आहे. दृष्टी गेलेल्या माणसाने नवस केला की परत दिसू लागल्यावर जे पहिले नजरेस पडेल त्याची प्रतिकृती अर्पण करीन, आणि त्याला पहिले दिसले ते संत्र्याचे झाड. आपल्याकडे जुन्या गोव्याच्या फेस्ताला मेणाचे हात-पाय विकायला असतात आणि हिंदू घरांतील माणसेही ते घेऊन जातात. ग्रीक लोक तेच पत्र्यावर ठसवून आणतात आणि त्याला "तामा" म्हणतात. बाहेरच्या दुकानांत असा एखादा तामा घेता येतो. तळमजल्यावर प्रतिमा सापडल्याची जागा आणि झरा आहे, तिथले तीर्थ लोक लहान बाटल्यांतून घरी नेतात.

१५ ऑगस्टला इथे मरियमेचा सर्वांत मोठा उत्सव असतो. १९४० मध्ये याच दिवशी बंदरात उभ्या असलेल्या "एली" या ग्रीक युद्धनौकेवर इटालियन पाणबुडीने पाणतीर सोडून ती बुडवली, त्यामुळे त्या दिवशी हुतात्म्यांचेही स्मरण होते. उत्सव पाहायचा असेल तर खोली अनेक महिने आधी घ्यावी. गर्दी नको असेल तर १० ते १७ ऑगस्ट या काळात तिनोसकडे फिरकूच नये.

बेटावरचे उरलेले दोन दिवस गावांसाठी ठेवावेत. पिर्गोस हे संगमरवर घडवणाऱ्यांचे गाव असून तिनोसची संगमरवर शिल्पकला २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समाविष्ट झाली. वोलाक्स गाव प्रचंड गोल शिळांच्या मधोमध वसलेले आहे आणि तिथले लोक टोपल्या विणतात. वाटेत दगडी जाळीकाम केलेली कबुतरखान्यांची उंच घरे दिसत राहतात. बस मोजक्याच वेळा धावते, म्हणून येथे एक दिवस मोटार भाड्याने घेणे योग्य ठरते.

सिरोस: दोन टेकड्या

तिनोसहून सिरोस अर्ध्या-पाऊण तासावर आहे. किक्लादेसची राजधानी एर्मूपोली बंदराच्या वर चढत गेलेली दिसते, आणि तिच्या माथ्यावर दोन टेकड्या: एकीवर ऑर्थोडॉक्स चर्च, दुसरीवर आनो सिरोस ही मध्ययुगीन कॅथलिक वस्ती व सेंट जॉर्जचे कॅथेड्रल. १२०४ नंतर व्हेनिसच्या सत्तेबरोबर आलेला कॅथलिक पंथ इथे टिकून राहिला, आणि एकोणिसाव्या शतकातील स्वातंत्र्ययुद्धात खिओस, प्सारा वगैरे बेटांवरून आलेल्या ऑर्थोडॉक्स निर्वासितांनी खाली एर्मूपोली वसवली. दोन्ही पंथांची ईस्टरची तारीख जगभर बहुधा वेगळी असते, पण सिरोसवर दोघेही ती ऑर्थोडॉक्स पंचांगानुसार एकत्र पाळतात. फोंड्याच्या देवळांपासून थोड्याच अंतरावर जुन्या गोव्याची चर्चे असलेल्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हे शेजारपण लगेच जवळचे वाटते.

दोन्ही प्रकारची चर्चे एकाच सकाळी पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. कॅथलिक चर्चमध्ये आपल्या ओळखीचे पुतळे, बाके आणि मोकळी वेदी असते. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुतळे नसतात, केवळ चित्रप्रतिमा असतात. वेदी प्रतिमांच्या उंच भिंतीमागे झाकलेली असते आणि त्या भिंतीपलीकडे जायचे नसते. वाद्ये वाजत नाहीत, फक्त कंठसंगीत असते. आत शिरताच वाळूच्या तबकात पातळ मेणबत्त्या लावलेल्या दिसतात. पेटीत नाणे टाकून आपणही एक लावावी. मंगेशी किंवा शांतादुर्गेच्या देवळात जसे खांदे व गुडघे झाकून जातो, तसेच इथेही जावे. दुपारी चर्चे बंद असतात, त्यामुळे सकाळ किंवा संध्याकाळची प्रार्थनेची वेळ धरावी. बंदराजवळच्या कीमिसिस चर्चमध्ये एल ग्रेको या जगप्रसिद्ध चित्रकाराने तरुणपणी काढलेली प्रतिमा आहे. तिच्यावरील त्याची सही १९८३ मध्ये उजेडात आली. ती काचेआड, प्रवेशद्वाराजवळच्या जागेत आहे आणि घाईत असलेला माणूस तिच्यावरून सहज पुढे निघून जातो.

सिरोसहून लुकूमी ही साखर व पिष्टाची मऊ मिठाई घ्यावी. टिकते, आणि घरी नेण्यास सोयीची आहे.

पारोस: शंभर दारे आणि सुका बांगडा

पारिकिया गावातील एकातोंदापिलियानी, म्हणजे शंभर दारांचे चर्च, परंपरेने सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिच्याशी जोडले जाते आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात त्याला आजचे रूप आले. नव्व्याण्णव दारे सापडली आहेत, शंभरावे कॉन्स्टॅन्टिनोपल पुन्हा ग्रीकांचे होईल तेव्हा उघडेल, अशी दंतकथा आहे. मला इथे सर्वांत भावला तो बाजूच्या दालनातील बाप्तिस्म्याचा हौद. तो क्रूसाच्या आकाराचा असून जमिनीत खोदलेला आहे आणि त्यात उतरायला पायऱ्या आहेत, कारण त्या काळी प्रौढ माणसे पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेत असत.

तिथून दहा मिनिटे चालत व्हेनेशियन किल्ल्याच्या भिंतीपाशी जावे. तेराव्या शतकात तो बांधताना प्राचीन ग्रीक मंदिराचे दगड वापरले गेले, आणि भिंतीत मंदिराच्या खांबांचे गोल तुकडे आडवे बसवलेले अजून दिसतात, मोठ्या नाण्यांची चळत लावावी तसे. देऊळ पाडले गेल्यावर दिवाडीवरून डिचोलीतील नार्व्याला गेलेला आपला सप्तकोटेश्वर, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केलेला त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांना ठाऊक आहे, ते या भिंतीपाशी थोडा वेळ थांबल्यावाचून राहत नाहीत.

पारोसचे किनारे बसने गाठता येतात. कोलिंबिथ्रेस येथे वाऱ्यापाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या ग्रॅनाइटच्या शिळांमध्ये लहान लहान खाजणांसारखी पाण्याची कोंदणे आहेत, आणि लहान मुलांसाठी ती जागा फार चांगली. पाणी इतके नितळ असते की छातीभर खोलीतही पायाची बोटे मोजता येतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे सकाळी ठेवलेला टॉवेल संध्याकाळी तिथेच सापडतो. दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो: खडकांवर काटेरी समुद्री साळी असतात म्हणून रबरी चपला पायात असाव्यात, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर दिसतात तसे जीवरक्षक लहान किनाऱ्यांवर बहुधा नसतात, म्हणून वाऱ्याच्या दिवशी कमरेपलीकडे जाऊ नये.

खुर्च्या-छत्र्यांचे भाडे द्यायलाच हवे असे नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोसच्या रहिवाशांनीच टॉवेल घेऊन किनाऱ्यावर निदर्शने केली, कारण बेकायदा खुर्च्यांनी साधा टॉवेल टाकायलाही जागा उरली नव्हती. त्या चळवळीचे लोण इतर बेटांवर पसरले आणि पुढच्याच वर्षी सरकारने खुर्च्यांनी व्यापायच्या जागेवर कडक मर्यादा घातल्या. शॅकच्या प्रश्नावर ग्रामसभांत बोलणाऱ्या आपल्या लोकांनी हे अवश्य जाणून घ्यावे.

आता जेवणाविषयी. नाउसा गावच्या जुन्या बंदरात दुपारी गेलात तर उन्हात दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस आणि उभे चिरून उघडलेले बांगडे दिसतील. हा बांगडा म्हणजे पारोसची "गूना". मीठ आणि ओरेगानो लावून तो दिवसभर उन्हात ठेवतात, मग निखाऱ्यावर भाजतात आणि लिंबू पिळून देतात. आपण पावसाळ्यासाठी पुरुमेंत भरताना बांगडे कडकडीत सुकवतो; गूना मात्र बाहेरून सुकलेली आणि आत अजून रसाळ असते. पहिला घास घेताच माझ्या आईने विचारले की यांच्याकडे सोलां, म्हणजे आमसुले, नाहीत का. नाहीत; तिथली आंबटाची सगळी भिस्त लिंबावर आहे.

ताजी मासळी किलोवर विकली जाते. ती निवडून, आपल्यासमोर तोलून घ्यावी आणि भाव आधी विचारावा. यात संकोच करण्याचे कारण नाही, तो तिथला रिवाजच आहे. मेनूमध्ये पदार्थापुढे तारांकित खूण असेल तर तो पदार्थ गोठवलेल्या मालाचा, असे समजावे. मोठ्या महाग माशापेक्षा गाव्रोस, म्हणजे लहान मांदेलीसारखी तळलेली मासळी, स्वस्त आणि अधिक चविष्ट लागते.

शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणाऱ्यांनी चिंता करू नये, पण एक बारकावा नीट समजून घ्यावा. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या जेवणाला "निस्तीसिमो" म्हणतात आणि त्यात मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य असते. १ ते १४ ऑगस्ट हा त्यांचा उपवासाचा काळ असल्याने आपल्या श्रावणाशी त्याचा पुष्कळदा मेळ बसतो. मात्र त्यांच्या नियमांत ऑक्टोपस, माणकी आणि शिनाणे चालतात. म्हणून केवळ "निस्तीसिमो" म्हणून थांबू नये. "होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना", म्हणजे मांस, मासे व समुद्री जिन्नस नकोत, असे स्पष्ट सांगावे. ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि कांद्यात शिजवलेली भेंडी "बामियेस" या नावाने मिळते. "यिगांदेस" म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांची भाजी. "फावा" हे डाळीचे घट्ट वरणच समजावे, वर कच्चा कांदा आणि तेल. भाताने भरलेले टोमॅटो व मिरच्या घेताना आत खिमा नाही ना, हे विचारावे. होकाराला ग्रीकमध्ये "ने" म्हणतात आणि नकाराला "ओही". आपल्या कानांना "ने" हा नकारच वाटतो, आणि त्यामुळे आमच्या टेबलावर दोनदा नको असलेला पदार्थ आला.

पुष्कळ बेटांवर नळाचे पाणी पिण्याजोगे नसते, त्यामुळे घरमालकाला विचारून घ्यावे. दुपारी दुकाने बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. म्हापशा-मडगावात वाढलेल्या माणसाला ही वेळ पाळणे जड जात नाही. रात्रीचे जेवण नऊनंतर. आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावावा.

पारोसवरचा एक दिवस आंतिपारोससाठी ठेवावा. पूंता येथून सुटणारी बोट दहा मिनिटांत पलीकडे नेते, मोटारी आणि माणसे एकाच फळीवरून चढतात, आणि पाण्याचा रंग सोडला तर आपण चोडणच्या फेरीबोटीत उभे आहोत असेच वाटते. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे, हे उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावे.